मापाचे जेवण

वाचकहो, परगावी कामानिमित्त गेलेल्या मनुष्यास त्या गावाची पहिली ओळख पोटाच्या द्वारेच होते. राजवाडे आणि ग्रंथालये सावकाश उघडतात; भूक मात्र सकाळी सहालाच जागी झालेली असते. गेल्या मार्गशीर्षात एका जुन्या मराठी ग्रंथाचा अनुवाद मूळ प्रतीशी ताडून पाहण्यासाठी मला तंजावरास तीन आठवडे राहावे लागले. दिवसभर सरस्वती महाल ग्रंथालयात बसावयाचे आणि तिन्ही वेळचे अन्न बाहेर घ्यावयाचे, असा क्रम होता. दैनिक भत्ता किती उदार असतो हे आपल्यापैकी ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगावयास नको. मोठ्या हॉटेलांच्या दारांवरून मी सभ्यपणे पुढे जात असे. हिशेब केला तर सुमारे साठ वेळा मी या शहरातील साध्या, स्वस्त, गल्लीबोळांतल्या उपाहारगृहांत जेवले. माझी मते त्या साठ जेवणांतून बनलेली आहेत. कोणा पाकशास्त्र्याची ती नव्हेत.

पहिले मत असे, की तंजावरात स्वस्त आणि चांगले खावयाचे असेल तर घड्याळाशी भांडू नये. सकाळी इडली, पोंगल, वडा; अकरा-साडेअकरापासून तीनपर्यंत पानावरचे जेवण; चारनंतर भजी आणि कॉफी; दिवे लागले की पुन्हा इडली-डोसा. दुपारी एक वाजता इडली मागणाऱ्याकडे वाढपी ज्या करुणेने पाहतो, ती मी एकदा अनुभवली आहे. दुसरे मत पाट्यांविषयीचे. ‘भवन’ म्हणजे बहुधा शाकाहारी, ‘मेस’ म्हणजे आपली खाणावळ, आणि ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणजे तेथे शिपाई राहतात असे नव्हे, तर तेथे मांसाहार मिळतो. तिसरे मत थोडे कडवट आहे. ज्या ठिकाणी एक वातानुकूलित दालन आणि एक साधे दालन असे दोन भाग असतात, तेथे साध्या दालनात बसावे. भात एकाच पातेल्यातून येतो. आत बसणाऱ्याकडून गारव्याचे पैसे घेतले जातात, आणि वर सांबारही निवते.

दुपारच्या जेवणाचे पान हा या गावाचा खरा मान आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशास तमिळनाडूचे धान्यकोठार म्हणतात, आणि येथल्या तांदळाच्या एका प्रसिद्ध जातीला ‘पोन्नी’ हे कावेरीचेच दुसरे नाव मिळाले आहे. केळीचे पान शेंडा डावीकडे येईल असे मांडतात. आपण पाणी शिंपडून ते हाताने निपटावयाचे. मग भाज्या, लोणचे, पापड यांना वर जागा, आणि खाली भाताचा डोंगर. प्रथम वरण-तूप, नंतर सांबार, नंतर रसम्, शेवटी ताक, असा भात टप्प्याटप्प्याने उतरत जातो. आपल्याकडे भाताने जेवणाची अखेर होते. येथे भातच आरंभ, भातच मध्य आणि भातच शेवट. जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूस दुमडावे. ते पलीकडच्या बाजूस दुमडणे अशुभ मानतात. माझ्याकडून पहिल्याच दिवशी तसे झाले तेव्हा शेजारच्या बाईंनी काही न बोलता ते उलगडून नीट दुमडले.

या पानावर मराठी वाचकास एक निराळेच सुख आहे. एकदा दह्यात कालवलेले उडदाच्या पिठाचे काहीतरी पानावर आले. नाव विचारले, तर ‘डांगर पच्चडी’. आपल्याकडे पापड लाटण्याआधी जे डांगर आपण चोरून खातो, तोच हा शब्द. संध्याकाळी भज्यांच्या गाडीशेजारी तव्यावर ‘बोळी’ भाजत होते. ती आपली पुरणपोळी. ‘वांगी भात’ तर सारा दक्षिण देश खातो आणि त्यातले ‘वांगी’ कोठून आले हे त्याच्या ध्यानीही नसते. १६७६च्या सुमारास व्यंकोजी राजे येथे गादीवर बसले आणि १८५५ साली ते राज्य खालसा झाले. या पावणेदोनशे वर्षांत येथल्या राजघराण्याने पाकशास्त्रही मराठीत लिहवून घेतले. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे सरफोजी राजांच्या मुदपाकखान्याशी निगडित पुस्तक सरस्वती महालाच्या संग्रहात आहे. सांबार हा पदार्थ संभाजी राजांच्या नावावरून आला, अशी एक गोष्ट मात्र हल्ली जो तो सांगतो. ती ऐकावयास गोड आहे. दंतकथा म्हणूनच ती ऐकावी.

मला स्वतःला राजांच्या मुदपाकखान्यापेक्षा त्यांच्या छत्रांविषयी अधिक कुतूहल आहे. रामेश्वरास जाणाऱ्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अन्नछत्रे बांधली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी एक. सरफोजी राजांनी ते १८०२च्या सुमारास उभारले. १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, तेव्हा निदान छत्रे तरी आपल्याकडे राहावीत यासाठी राजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. त्यात छत्रांतील व्यवस्थेचे वर्णन आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटसरूस शिजवलेला भात मिळे. ज्यांना शिजवलेले अन्न चालत नसे त्यांना कोरडा शिधा देत. तान्ह्या मुलांना दूध, आजाऱ्यास वैद्य. आणि मध्यरात्री एक घंटा वाजवून पुकारा करीत, की ज्या कोणास अद्यापि अन्न मिळाले नसेल त्याने यावे.

जातीचा विचार त्या छत्रांतही सुटलेला नव्हता, हे कोरड्या शिध्यावरूनच दिसते. सर्वांना अन्न मिळणे निराळे, आणि सर्वांनी एका रांगेत बसणे निराळे. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशात कॉफीची आणि जेवणाची दुकाने निघाली, तेव्हा पैसे सर्वांचे चालत, पण बसण्याच्या जागा वेगळ्या असत. कित्येक दुकानांच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द ठळक अक्षरांत असे. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहांची दारे कायद्याने सर्वांना मोकळी केली. परंतु पाट्या लगेच उतरल्या नाहीत. १९५७ साली मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागात एका उपाहारगृहापुढे पेरियार ई. वे. रामसामी यांच्या अनुयायांनी कित्येक महिने निदर्शने केली, पुष्कळ लोक तुरुंगात गेले, तेव्हा कोठे तो शब्द गेला. खेडोपाडी चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळा पेला ठेवण्याची चाल तर त्यानंतरही बरीच वर्षे टिकली. आज तंजावरातील खाणावळीत मी बसते आणि माझ्या डाव्या हातास कोण, उजव्या हातास कोण, हे मला ठाऊक नसते व विचारावयाचेही नसते. हे ठाऊक नसणे मिळविण्यासाठी कोणीतरी तुरुंगात गेले होते, हे मला पूर्वी सुचले नव्हते.

आता ज्या खाणावळीविषयी मला लिहावयाचे आहे तिच्याकडे वळते. ती राजवाड्याच्या मागच्या बाजूस एका बोळात आहे. नाव सांगत नाही. सांगितले तर आपण तेथे गर्दी कराल, आणि जागा अवघी आठ बाकांची. गल्ल्यावर मालकीणबाई, आत त्यांचे यजमान व एक आचारी, आणि वाढावयास एक पन्नाशीचा गृहस्थ. भिंतीवर दोन दरांची पाटी आहे. एक पूर्ण जेवण, म्हणजे पोटभर, मागाल तितके. दुसरे ‘अळवु साप्पाडु’, म्हणजे मापाचे जेवण : भाताचे एक भांडे, भाज्या व सांबार एकदा, आणि ताक. मापाचे जेवण बरेच स्वस्त असते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझे लक्ष समोरच्या बाकावर बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाकडे गेले. स्वच्छ धुतलेला, विरलेला सदरा, खांद्यावर पंचा. ते रोज बरोबर साडेबारास येत आणि मापाचे जेवण घेत. वाढपी त्यांना ‘रायर’ म्हणे. येथल्या मराठी ब्राह्मणांना तमिळ शेजारी रायर म्हणतात हे मला ठाऊक होते, म्हणून मी धीर करून मराठीत विचारले, “आपण मूळचे येथलेच का?” त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “होय अम्मा. तुम्ही कोठल्या?” त्यांच्या मराठीत तमिळ हेल होता, आणि काही शब्द असे होते, की जे मी केवळ ग्रंथालयातल्या कागदांत वाचले होते. येथे त्यांचे बोलणे मी आपल्या छापील मराठीत उतरवीत आहे. अनुवादकाचे हे जुनेच पाप आहे.

त्या खाणावळीत एक नाटक रोज होई. रायरांचा भात संपत आला, की वाढपी भाताची बादली घेऊन त्यांच्या मागून जाई, दुसरीकडे पाहत आणि जणू चुकून एक डाव त्यांच्या पानावर टाकी. रायर हात आडवा करीत व म्हणत, “पोदुम्, पोदुम्,” म्हणजे पुरे. वाढपी म्हणे, “अरे, चुकलेच की! आता काय करावयाचे?” आणि पुढे जाई. पानावर पडलेला भात टाकून देणे पाप, म्हणून रायर तो खात. गल्ल्यावरून मालकीणबाई हे पाहत असत आणि नोटा मोजावयास लागत. मला हे फार आवडले. इतके आवडले, की मी ते बिघडवून ठेवले.

घडले ते असे. एके दिवशी बिल देताना मी मालकीणबाईंना हळूच म्हटले, की मी येथे आहे तोपर्यंत त्या आजोबांना पूर्ण जेवण वाढा, वरचे पैसे मी देत जाईन. बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. त्या काही बोलणार होत्या, पण मागे रांग होती. त्यांनी मान हलविली. दुसऱ्या दिवशी रायरांच्या पानावर दुसऱ्यांदा भाजी आली, पायसम् आले. त्यांनी विचारले, वाढप्याने गल्ल्याकडे पाहिले, आणि गल्ल्यावरच्या नजरेने माझ्याकडे. रायर जेवले. उठले. पूर्ण जेवणाचे पैसे त्यांनी स्वतः मोजून दिले, चिल्लर सुद्धा, आणि निघून गेले. त्यानंतर तीन दिवस समोरचे बाक रिकामे राहिले.

तिसऱ्या दिवशी वाढप्याने माझ्या पानावर रसम् वाढले ते न बोलता. मालकीणबाई एवढेच म्हणाल्या, “आम्ही त्यांना बारा वर्षे जेवू घालीत आहोत, अम्मा. एकदाही दिलेले नाही.” हे वाक्य मला दोनदा मनात उलटावे लागले, तेव्हा समजले.

चौथ्या दिवशी ग्रंथालय बंद होते. सकाळी मी बृहदीश्वराच्या देवळात गेले. तेथील भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांच्या वंशाचा जो प्रचंड मराठी शिलालेख कोरविला आहे, तो पाहावयाचा राहिला होता. लेख वाचीत असता मागून आवाज आला, “येथे वाकून वाचा, अम्मा, अक्षर झिजले आहे.” रायर होते. ते रोज सकाळी देवळात येत असत. मी क्षमा मागितली. शब्द नीट जुळले नाहीत. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “आपण छत्रांविषयी वाचीत आहात ना? माझे पणजे एका छत्रात कारकून होते. छत्रात जेवावयास कोणाला लाज नसे. तेथे देणारा राजा होता, आणि राजा कधी समोर येऊन बसत नसे. आपण समोरच्या बाकावर बसला होता.”

मी म्हटले, “मग वाढपी?”

“तो वाढण्यात चुकतो,” रायर गंभीरपणे म्हणाले. “म्हातारा झाला आहे.”

पुढे जे बोलणे झाले त्यातले सारे येथे लिहिण्याजोगे नाही. त्यांना पेन्शन थोडे आहे, मुलगा परगावी आहे, तो पैसे पाठवितो आणि कधी पाठवीत नाही. गृहिणी गेल्यापासून घरी चूल पेटत नाही. परंतु हे सांगताना त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. जमाखर्च वाचून दाखवावा तसा होता. शेवटी मी विचारले, “निदान कॉफी तरी घ्याल का माझ्याबरोबर?” त्यांनी विचार केला. “आज आपली घेतो,” ते म्हणाले, “उद्या आपण माझी घ्या. आणि जेवावयास साडेबारास येईन असे बाईंना सांगा. ज्या पानावर जसे लिहिले आहे तसे.”

कॉफी आम्ही देवळापासून थोड्या अंतरावरच्या एका लहानशा दुकानात उभ्याने घेतली. पितळी पेला आणि पसरट वाटी, एकातून दुसऱ्यात फेस येईपर्यंत ओतावयाची. कुंभकोणमच्या ‘डिग्री कॉफी’चे नाव दुधाचा कस मोजण्याच्या उपकरणावरून पडले, असे लोक सांगतात. रायरांच्या मते नाव काहीही असो, दूध सकाळी सातच्या आधीचे असले पाहिजे.

या प्रसंगानंतर मी इतर खाणावळीही निराळ्या डोळ्यांनी पाहू लागले. स्वस्त जेवण म्हणजे केवळ कमी दर, असे मी समजत होते. सरकारनेही या कामी हात घातला आहे, हे आपण जाणताच. तमिळनाडूत २०१३ साली चेन्नईपासून ‘अम्मा उणवगम्’ सुरू झाली, तेथे रुपयास एक इडली मिळू लागली. महाराष्ट्रात १९९५ साली झुणका-भाकर केंद्रे निघाली, आणि २०२० साली शिवभोजन. या योजनांवर ज्यांना टीका करावयाची ते करोत. मला त्यांतली एक गोष्ट मोलाची वाटते, की तेथे थोडे का होईना, पैसे मोजावे लागतात. रुपया मोजणारा गिऱ्हाईक असतो. त्याला सांबार पातळ आहे असे म्हणता येते. मुंबईच्या गिरणगावात घरगुती खाणावळी चालविणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हाही ते दान नव्हते. त्या बायका कर्ज घेत आणि फेडीत. हजारो गिरणी कामगार त्यांच्या डब्यावर जगले, आणि कोणी कोणाचे उपकार मानले नाहीत.

स्त्रियांविषयी एक शब्द येथेच सांगते. एकटी बाई खाणावळीत जेवावयास बसली, तर आपल्याकडच्या लहान गावांत अजूनही लोक वळून पाहतात. तंजावरात मला तसा अनुभव आला नाही. दुपारी शाळेतल्या शिक्षिका, कापड-दुकानांतल्या मुली, दवाखान्यात आलेल्या खेड्यातल्या बाया, साऱ्या आपापले पान पुढे घेऊन बसत. एक मध्यमवयीन बाई दर गुरुवारी येई. मालकीणबाईंनी सांगितले, की तिच्या घरी नऊ माणसे आहेत. आठवड्यातून एकदा ती बाजाराच्या निमित्ताने निघते आणि येथे पूर्ण जेवण घेते. घरात ती सर्वांत शेवटी बसते. येथे रसम् तिच्या पानावर वाफाळत येते, आणि ती हात आडवा करीत नाही. गृहस्थ वाचकांनी या बाईविषयी थोडा विचार करावा. त्यांच्या घरीही एखादा गुरुवार असू शकेल.

रात्रीचे जेवण मी बहुधा बसस्थानकाजवळ घेत असे. तेथे परोट्ट्याची दुकाने उशिरापर्यंत चालतात. लोखंडी तव्यावर दोन उलथन्यांनी परोट्ट्याचे तुकडे कापण्याचा जो खणखणाट होतो, तो दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो. बसचे वाहक, रिक्षावाले, रखवालदार त्या आवाजावर येतात. मी लॉजमध्ये अंथरुणावर पडून तो ऐके, आणि सरफोजी राजांच्या पत्रातली मध्यरात्रीची घंटा मला आठवे. दोन्हींत फरक पुष्कळ आहे, हे मी जाणते.

रायर साडेबारास येऊ लागले. वाढपी पूर्वीप्रमाणे चुकू लागला. पहिल्या दिवशी त्याने रायरांच्या पानावर एक डाव टाकला, आणि नंतर माझ्याही पानावर, मी पुरे म्हणत असता, आणखी एक. “चुकलेच,” तो मला म्हणाला. मी मुकाट्याने जेवले.

कॉफीचा हिशेब आम्ही चोख ठेवला. माझ्या शेवटच्या दिवशी पाळी माझी होती. परंतु आदल्या रात्री मला ताप भरला आणि सकाळी मी देवळाकडे जाऊ शकले नाही. दुपारी गाडी होती. तेव्हा एक कॉफी माझ्याकडे बाकी आहे. आपल्यापैकी कोणी तंजावरास गेल्यास, राजवाड्यामागच्या त्या बोळात रविवारी सकाळी ‘कडप्पा’ मिळतो. मुगाची डाळ, बटाटा आणि खोबऱ्याचा हा पातळ प्रकार इडलीबरोबर देतात, आणि तंजावर-कुंभकोणमच्या बाहेर तो फारसा पाहावयास मिळत नाही. आठच्या आत जावे. त्यानंतर पातेले रिकामे होते.